गुडघाभर पाणी

अंदमानच्या सहलीला निघालेल्या पुणेकरांचे प्रश्न ठरलेले असतात. जेवणात पोळी मिळेल ना? सेल्युलर जेलमधला ध्वनिप्रकाश कार्यक्रम हिंदीत असतो ना? सावरकरांच्या कोठडीत निवांत थांबता येईल ना? आणि शेवटच्या रांगेतून हमखास, "तिकडे शार्क असतात का हो?" सहल निघायच्या आठवडाभर आधी टिळक रस्त्यावरच्या एका सभागृहात आम्ही प्रवाशांची बैठक घेतो. टूर मॅनेजर म्हणून मी कित्येक वर्षं या बैठकांत उभी राहते आहे. शार्कचा प्रश्न आला नाही अशी बैठक मला आठवत नाही. भरती किती वाजता असते, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.

या नोकरीत मला एक गोष्ट पक्की कळली. बेटावर माणूस जिथं घाबरतो, तिथं तो जपून वागतो. विमानात पट्टा बांधतो, बोटीत कठडा घट्ट धरतो, स्कूबाच्या प्रशिक्षकाचं बोलणं कान देऊन ऐकतो. त्यामुळे तिथं सहसा काही होत नाही. घात होतो तो किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात, चहाच्या वेळेला. पोहायला म्हणून कुणी गेलेलंच नसतं. पाय भिजवायचे असतात, फोटो काढायचे असतात, नातवाला लाट दाखवायची असते.

पुण्यात हे पटवायला मला अंदमानचं उदाहरण द्यावं लागत नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला गेली होती. दुपारी मुलं पाण्यात उतरली आणि 14 जण बुडाले. मुरूड, काशीद, हरिहरेश्वर हे आपले शनिवार-रविवारचे किनारे. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला तिथं पोचता येतं. इतका जवळचा समुद्र आपल्याला परका वाटतच नाही. बैठकीत मुरूडचं नाव घेतलं की सभागृह गप्प होतं, आणि मग मला पाण्याविषयी बोलता येतं.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकत असतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट पट्ट्यातून जोरानं आत जातं. कोकणातला मच्छीमार 'इथं पाण्याला ओढ आहे' एवढंच म्हणतो आणि पुढं जातो. ओढीच्या पट्ट्यात लाटा नीट फुटत नाहीत, फेस कमी दिसतो, म्हणून नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यांत शांत वाटते. लहान मुलांना घेऊन लोक नेमके तिथं उतरतात. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. घाबरून सरळ किनाऱ्याकडे हातपाय मारत राहिलं तर चांगला पोहणाराही दमतो, आणि दमला की बुडतो. पट्टा सहसा फार रुंद नसतो. किनाऱ्याला समांतर पोहत गेलं तर त्यातून सुटता येतं. तेवढं बळ नसेल तर पाठीवर तरंगत राहायचं आणि एक हात वर धरायचा. बैठकीत मी हे सगळ्यांना हात आडवे मारून करून दाखवायला लावते. हसतात, पण करतात.

टिळक तलावावर रोज पोहणारे एक काका जवळजवळ प्रत्येक गटात असतात. त्यांची काळजी मला न पोहता येणाऱ्यांपेक्षा जास्त वाटते. तलावाला भिंती असतात, दमलं की कठडा हाताला लागतो, पाणी जागच्या जागी असतं. समुद्रात यातलं काही नाही. हॅवलॉक बेटावरच्या राधानगरच्या किनाऱ्यावर अशाच एका काकांना मी कमरेच्या पुढं जाऊ दिलं नाही, तेव्हा ते भडकले. "अहो, तात्याराव सावरकरांनी मार्सेलिसला भर समुद्रात उडी मारली होती, आणि तुम्ही आम्हाला कमरेच्या पुढं जाऊ देत नाही?" मी म्हटलं, "काका, तेव्हा ते 27 वर्षांचे होते." काकू इतक्या हसल्या की काका स्वतःहून बाहेर आले. सगळ्यांच्या बाबतीत विनोद कामाला येत नाही. काहींना सरळ दम द्यावा लागतो.

एक जण ओढीत सापडला की किनाऱ्यावरचा भाऊ, नवरा, मित्र मागचापुढचा विचार न करता पाण्यात धावतो. बुडणारा माणूस मिळेल त्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. म्हणून माझ्या सामानात पाण्याचे दोन रिकामे, घट्ट झाकणाचे पाच लिटरचे कॅन आणि एक लांब दोरी असते. हॉटेलचा पोरगा मला नेहमी विचारतो, "मॅडम, इतकं पाणी पिणार?" तो कॅन दोरीला बांधून फेकला की बुडणाऱ्याला धरायला काहीतरी मिळतं आणि वाचवणाऱ्याला पाण्यात उतरावं लागत नाही. जीवरक्षक जवळ असेल तर आधी त्याला हाक, मग कॅन. माणूस बाहेर आल्यावर त्याला उलटं टांगायचं नाही, पोट दाबून पाणी काढायच्या भानगडीत पडायचं नाही. श्वास बंद असेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं. तो शुद्धीवर येऊन बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देऊ शकतं. 112 हा आपत्कालीन नंबर आणि तटरक्षक दलाचा 1554, हे दोन्ही मी प्रत्येकाच्या फोनमध्ये बैठकीतच साठवून घेते.

आता वेळेविषयी. अंदमान पुण्याच्या पूर्वेला जवळजवळ एकोणीस रेखांश दूर आहे, पण दोन्हीकडच्या घड्याळात एकच वेळ. याचा अर्थ डिसेंबरात तिथं पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणजे पुण्यापेक्षा तासभर आधी. आणि ऊन डोक्यावर येतं ते साडेबाराला नव्हे, अकरा-साडेअकरालाच. 'अजून अकराच वाजलेत, ऊन कुठं आहे' म्हणत लोक नील बेटावर टोपीशिवाय हिंडतात आणि रात्री खांदे लाल करून माझ्याकडे कोरफडीचं मलम मागायला येतात. संध्याकाळचं गणित त्याहून नाजूक. राधानगर हा हॅवलॉकचा पश्चिमेचा किनारा, सूर्यास्तासाठी प्रसिद्ध. सागरी मोहाच्या उंच झाडांमागून वाळूवर आलं की डोळ्यांचं पारणं फिटतं. 2020 मध्ये या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग मानांकनही मिळालं. पण पुणेकर दुपारी झोपून, चहा घेऊन, आरामात तिथं पोचतो तेव्हा उजेडाचा थोडाच वेळ उरलेला असतो. सूर्य बुडाला की अंधार भराभर पडतो. जीवरक्षक शिट्ट्या मारत असतात आणि आपली माणसं 'एकच शेवटचा फोटो' म्हणत पाण्यात असतात. भिजलेली साडी पायात अडकते, जीन्स जड होते, आणि कोण कुठं आहे हे दिसेनासं होतं.

यावर मी एक साधी युक्ती काढली. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांनी आपापल्या चपला एका रांगेत ठेवायच्या. कंपनीच्या टोप्या पाण्यात उतरल्यावर काढल्या जातात, डोकी अंधारात मोजता येत नाहीत, पण चपला जागच्या हलत नाहीत. सूर्यास्तानंतर रांगेत एक जोडी उरली तर एक माणूस अजून पाण्याकडे आहे. मी ती रांग सोडून जागची हलत नाही, चहालासुद्धा नाही. शिवाय प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून देते. नवरा-बायकोची जोडी मी मुद्दाम लावत नाही. नवरा पाण्यात आणि बायको फोन घेऊन फोटो काढण्यात, असं होतं, आणि कॅमेऱ्यातून बघणारा माणूस लाटेकडे बघत नसतो.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक माझ्या सहलीत विमानाच्या वेळापत्रकाइतकंच महत्त्वाचं आहे. कोकणात जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला निघालेल्या भाविकांना गावकरी याच हिशोबानं थांबवतात, कारण ती वाट समुद्रालगतच्या कातळावरून जाते आणि भरतीच्या वेळी लाटा तिथपर्यंत येतात. पण हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे. अंदमानला तो तसाच लावता येत नाही. तिथली भरतीची कोष्टकं वेगळी, ती बघावीच लागतात, आणि रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढं सरकते. पहिल्या गटाला जी वेळ सोयीची होती, ती पुढच्या आठवड्याच्या गटाला सोयीची नसते.

नील बेटावरची दगडी कमान, जिला सगळे 'नॅचरल ब्रिज' म्हणतात, तिथं हे फार जाणवतं. कमानीपाशी जायचं तर ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या मृत प्रवाळांवरून चालावं लागतं. खाच-खळगे, शेवाळं, मधे डबकी. साठी उलटलेल्या माणसाचा तिथं पाय घसरला तर सहल तिथंच संपते. कार्यक्रमपत्रिकेत 'दुपारी 2 वाजता नॅचरल ब्रिज' असं छापलेलं असलं आणि दोनला भरती असली, तर मी जायचं रद्द करते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ओहोटीतही वरूनच कमान दाखवते. "ताई, आम्ही पैसे भरलेत" हे वाक्य मला तिथंच सगळ्यांत जास्त ऐकू येतं.

हे वाक्य समजून घ्यायला हवं. निवृत्तीच्या पैशातून, मुलांच्या आग्रहाखातर, आयुष्यात एकदा म्हणून माणसं आलेली असतात. त्यांना छापलेल्या कागदावरची प्रत्येक ओळ हवी असते. कंपन्याही कागद भरगच्च करतात, कारण शेजारच्या कंपनीपेक्षा आपल्याकडे दोन ठिकाणं जास्त दिसली की बुकिंग होतं. मग बोटीच्या वेळा, जेवणाच्या वेळा आणि किनाऱ्यांच्या वेळा एकमेकांत घुसवल्या जातात. ज्या दिवशी उशीर होतो, त्या दिवशी कात्री लागते ती सूचनांना. किनाऱ्यावर उतरताना पाच मिनिटं थांबून माणसांना ओढ कुठं आहे ते दाखवणं, हे सर्वांत आधी गाळलं जातं. अपघाताची सुरुवात बऱ्याचदा तिथं असते. म्हणून मी जेवणाला उशीर होऊ देते, पण ती पाच मिनिटं सोडत नाही.

बोटीची गोष्ट निराळी नाही. 26 जानेवारी 2014 ला पोर्ट ब्लेअरजवळ ॲक्वा मरिन नावाची पर्यटकांची बोट उलटली आणि 21 जण मेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. तेव्हापासून मी बोटीत चढण्याआधी तिच्यावर लिहिलेला प्रवाशांचा आकडा वाचते आणि डोकी मोजते. आकडा जुळला नाही तर माझा गट पुढच्या बोटीनं जातो. लाइफ जॅकेट सगळे घालतात, पण बकल लावत नाहीत. गरम होतं, फोटोत पोट दिसतं, पट्टा पुरत नाही. पट्टा पुरत नसेल तर मोठं जॅकेट मागून घ्यायचं. उघडं जॅकेट पाण्यात पडल्यावर अंगातून निसटून वर तरंगतं, आणि माणूस खाली राहतो.

बैठकीत आम्ही प्रकृतीचा फॉर्म भरून घेतो. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचा त्रास. अर्ध्या फॉर्मवर सुवाच्य अक्षरात 'काही नाही' असतं. मग प्रवासात तीच मंडळी जेवणाआधी खिशातून गोळ्यांची डबी काढतात. खरं लिहिलं तर स्कूबा करू देणार नाहीत, ही भीती. ती भीती बरोबरच आहे, करू देणार नाहीतच. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला पाण्याखाली काही झालं तर वर यायलाही वेळ लागतो. स्कूबा झाल्यावर निदान 18 तास विमानात बसायचं नाही हेही आम्ही पाळतो, म्हणून परतीच्या आदल्या दिवशी आमच्या कार्यक्रमात स्कूबा नसतं. आणि बेटावरची वैद्यकीय सोय किती, याची कल्पना निघण्याआधीच हवी. हॅवलॉकवर सरकारी दवाखाना आहे, पण मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, आणि मधे समुद्र. छातीत दुखायला लागलं तर पुण्यात दहा मिनिटांत रुग्णालय गाठणारा माणूस इथं बोटीची किंवा हेलिकॉप्टरची वाट बघतो.

मधुमेही प्रवाशांना मी वाळूवर अनवाणी चालू देत नाही. त्यांच्या तळव्यांना बधिरपणा असतो, प्रवाळाची चीर पडलेली त्यांना कळत नाही, आणि चार दिवसांनी पुण्यात पाय सुजतो. प्रवाळाची जखम लहान दिसली तरी स्वच्छ पाण्यानं चोळून धुवायची. समुद्री साळूचा काटा शिरला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, दुखणं उतरतं. संध्याकाळी वाळूवर बसायचं असेल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घालायचे, कारण वाळूमाशा चावल्या की आठवडाभर खाज सुटते.

शार्कऐवजी मगरींचं विचाराल, तर ती भीती फोल नाही. अंदमानात खाऱ्या पाण्यातली मोठी मगर आहे. 2010 साली राधानगरजवळच्या एका खाडीत स्नॉर्कलिंग करणाऱ्या अमेरिकन तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला. खारफुटीजवळ, खाडीच्या तोंडाशी, पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात उतरायचं नाही, आणि जिथं मगरीची पाटी आहे तिथं अजिबात नाही. पाटीशेजारी उभं राहून फोटो काढणारे आणि मग त्याच पाण्यात पाय टाकणारे मी पाहिले आहेत.

हवामानापुढं मात्र कुणाचं चालत नाही. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद झाल्या आणि हॅवलॉक-नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले. शेवटी नौदल आणि तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना बाहेर काढलं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ, आणि नेमकी दिवाळीची सुट्टी त्यात येते. म्हणून औषधं मुक्कामापेक्षा चार-पाच दिवस जास्त पुरतील इतकी घ्या, असं मी सांगते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते मी रोज सकाळी बघते. आणि 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर एक सूचना प्रत्येक हॉटेलात पहिल्याच रात्री द्यायची हे मी ठरवून टाकलं आहे. जमीन जोरात हलली, किंवा समुद्र अचानक दूर मागे गेला, तर शिंपले बघायला जायचं नाही, उंचावर पळायचं. त्यासाठी उंच जागा कोणती, तेही बोटानं दाखवून ठेवते.

एवढं सगळं ऐकल्यावर काही जण म्हणतात, मग जायचं कशाला? जायचं. मी स्वतः पुनःपुन्हा जाते, आणि राधानगरला दर वेळी थबकते. समुद्र वाईट नाही, तो कुणाच्या वेळापत्रकानं चालत नाही एवढंच. सहलीचं वेळापत्रक त्याच्या वेळा बघून आखलं, तर साठीतल्या आजीही निर्धास्तपणे पाय भिजवून येतात.

तेव्हा सहल ठरवताना हॉटेलचे फोटो बघाल, जेवणाची यादी बघाल, त्याच वेळी कंपनीला चार प्रश्न विचारा. किनाऱ्यावर जायच्या वेळा भरती-ओहोटी बघून ठरवता का? तिथं जीवरक्षक आहे का? हवामान बिघडलं तर कार्यक्रम बदलायचा अधिकार बरोबर येणाऱ्या मॅनेजरला आहे का? आणि प्रकृती बिघडली तर माणसाला कुठं, कसं नेणार? फॉर्मवर स्वतःची प्रकृती खरी लिहा. आणि या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर सरळ मिळालं नाही, तर तिथं पैसे भरू नका.